‘रंग असेल’ म्हणण्याआधी : विमानाच्या पंख्याची पाती तपासायला शिकताना

लोहगावला विमानातून शिडीने उतरताना इंजिनाजवळून खडखड ऐकलीय कधी? इंजिन बंद असतं, समोरचा पंखा वाऱ्यावर सावकाश फिरत असतो आणि मोरीत कोणी ताटं रचत असावं तसा आवाज येत राहतो. शिकाऊ पोरं हमखास घाबरतात. "सर, काहीतरी ढिलं झालंय." ढिलं झालेलं नाही, ते ढिलंच बसवलेलं असतं. पात्याचा बुडखा खाली रुंद, वर निमुळता असतो आणि मधल्या चकतीत तशाच आकाराच्या खाचेत तो सरकवलेला असतो. शॉपमध्ये त्याला ‘रूट’ नाहीतर ‘डव्हटेल’ म्हणतात. पंखा जोरात फिरायला लागला की पातं बाहेर ओढलं जातं आणि खाचेच्या दोन्ही गालांवर घट्ट बसतं. वेग उतरला की पुन्हा सैल.

ही ओढ किती असते ते एकदा कागदावर करून बघा, म्हणजे पुढचं सगळं पटेल. समजा पातं ५ किलोचं आहे, त्याचा गुरुत्वमध्य आसापासून अर्ध्या मीटरवर आहे आणि पंखा मिनिटाला ५,००० फेरे घेतोय. बारावीच्या फिजिक्समधलं सूत्र लावलं की उत्तर येतं सुमारे ६,८५,००० न्यूटन, म्हणजे ७० टनांच्या आसपास. चारेक भरलेल्या पीएमपीच्या बसगाड्या एका बुडख्याला टांगल्यासारखं. आणि हे एकदाच नाही. प्रत्येक उड्डाणाला ओढ चढते, उतरते. असं एक उड्डाण म्हणजे एक ‘सायकल’. दिवसाला सात फेऱ्या मारणारं विमान बाराएक वर्षांत ३०,००० सायकल पुऱ्या करतं. तार वाकवून वाकवून तुटते तसा धातू थकतो, आणि थकव्याचा तडा बहुतेकदा जिथे गाल घासतात त्या कडेला सुरू होतो. म्हणजे बुडख्यात, बाहेरून न दिसणाऱ्या जागी. नवख्याची नजर मात्र पात्याच्या चकचकीत अंगावरच फिरत राहते.

मी भोसरी-चाकण पट्ट्यात एनडीटी करतो, म्हणजे जॉब (तपासायचा भाग) न तोडता, न कापता तपासायचं काम. बरंचसं फोर्जिंगचं, थोडं विमानाच्या पार्टचं. या कामात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या डिप्लोमा-आयटीआयच्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं मॅन्युअल सांगेल तेच अंतिम, इथले आकडे समज यावी म्हणून दिलेत.

आधी कागद

हात लावायच्या आधी पातं कशाचं आहे ते बघा. सीएफएम ५६-७बी या इंजिनात टायटॅनियमची २४ रुंद पाती असतात, त्याच घराण्यातल्या ५बी मध्ये ३६ अरुंद पाती, आणि लीप इंजिनात विणलेल्या कार्बन धाग्याची १८. कार्बनच्या पात्यावर पेनिट्रंट (धातूच्या भेगेत शिरणारा चमकदार द्रव) ओतून बसणारा माणूस मी पाहिलाय. तिथे थर सुटलेत का ते बघायचं असतं, पद्धतच वेगळी. धातू म्हणून तपासायची ती फक्त पुढच्या कडेवरची टायटॅनियमची पट्टी. टायटॅनियम चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे फोर्जिंग शॉपमध्ये शिकलेली मॅग्नेटिक पार्टिकलची (चुंबक आणि लोहकणांची) पद्धत इथे विसरायची.

मग पात्याचा सीरियल नंबर, झालेल्या सायकल, शेवटची तपासणी कधी आणि कोणत्या पद्धतीने झाली, आणि मॅन्युअलची कोणती आवृत्ती आज लागू आहे ते पाहा. आवृत्ती बघणं हे कारकुनी काम वाटतं. तसं ते नाही, हे २०१८ ने दाखवलं. १७ एप्रिल २०१८ ला अमेरिकेत साउथवेस्टच्या १३८० क्रमांकाच्या उड्डाणात बोइंग ७३७ च्या इंजिनाचं एक पातं बुडख्यातून तुटलं. इंजिनाच्या आवरणाचा तुकडा खिडकीवर आदळला आणि एक प्रवासी महिला गेली. त्या पात्याच्या ३२ हजारांहून जास्त सायकल झाल्या होत्या. तीन दिवसांत तिथल्या विमान नियामकाने तातडीचा आदेश काढला : ३०,००० सायकल ओलांडलेली अशी पाती २० दिवसांत अल्ट्रासाउंडने तपासा. सोमवारी बरोबर असलेली पद्धत शुक्रवारी अपुरी ठरली. जुना प्रिंटआउट ड्रॉवरमध्ये ठेवून काम करणाऱ्याला हे कळलंच नसतं.

इंजिनाजवळ जाताना

स्टार्टचे ब्रेकर ओढून टॅग लावलाय याची स्वतः खात्री करा, दुसऱ्याच्या तोंडी हमीवर नको. पंखा वाऱ्याने फिरू नये म्हणून पट्टा बांधा. खिशातलं पेन, नाणी, किल्ल्या, अंगठी बाहेर. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची आहे, त्यामुळे मोबाइलने फोटो काढायची हौस तिथे करू नका.

डोळा आणि कापूस

पहिली तपासणी साध्या उजेडात. टॉर्च पात्यावर सरळ मारू नका, आडवी धरा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रस्त्यातला खड्डा जसा सावलीने कळतो, तसंच इथे. पुढच्या कडेवरून मऊ सुती कापड किंवा कापसाचा बोळा हलकेच ओढा, खरचटा असेल तिथे धागा अडकतो. बोटाने करू नका, कड कापते.

इथे तुम्हाला मिळतील ते बहुतेक टोले : धावपट्टीवरची खडी, पक्षी. लोहगावच्या बाजूला घारी कायम घिरट्या घालत असतात, त्यामुळे टोले नवीन नाहीत. टोला म्हणजे क्रॅक नव्हे, पण टोल्याच्या तळातून क्रॅक निघू शकतो. तो किती खोल आणि पात्याच्या कुठल्या उंचीवर आहे यावर निर्णय असतो. टोकाजवळचा टोला जिथे चालून जातो, तेवढाच टोला बुडख्याकडे अजिबात चालत नाही, कारण ताण खाली वाढत जातो. मर्यादेतला असेल तर कड घासून गोलसर करतात. घासल्यावर पुन्हा तपासायचं, आणि तिथे एक गोम आहे, ती खाली सांगतो.

पाती उतरवताना

पुढचा शंकू, पात्यांमधले तुकडे, बुडख्याखालचा पाचर काढला की पातं सरकून हातात येतं. प्रत्येक पात्याला जागेचा क्रमांक असतो आणि वजन-तोलाच्या हिशोबाने ती मांडलेली असतात. उतरवलेल्या क्रमानेच ट्रॉलीवर ठेवा. दोन पाती अदलाबदल झाली तर पंखा हलेल आणि दिवसभर तोल साधत बसाल. एवढंच.

धुणं

पेनिट्रंटची तपासणी फसते ती बहुतेकदा इथे, अंधाऱ्या खोलीत नव्हे. बुडख्यावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं कोरडं वंगण असतं, खाली तांबं-निकेल-इंडियमचा थर असतो. हे सगळं मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या रसायनाने, सांगितलेल्या वेळेत उतरवायचं. शॉपमध्ये हाताशी आहे म्हणून कुठलंही सॉल्व्हंट टायटॅनियमला लावायचं नाही. क्लोरीनवाली रसायनं या धातूला चिरा पाडू शकतात, म्हणजे क्रॅक शोधायला गेलात आणि करून आलात.

आता ती गोम. घासकाम, सँडब्लास्ट, पॉलिश, काहीही केलं की वरचा धातू लोण्यासारखा पसरतो आणि क्रॅकचं तोंड लिंपून टाकतो. तोंड बंद असेल तर द्रव आत जाणार कसा? म्हणून घासकामानंतर आम्लाने हलकं एचिंग करून तोंड उघडतात, मग तपासतात. पॉलिश केलेला चकचकीत जॉब बघून "किती स्वच्छ आलाय" म्हणणाऱ्या सुपरवायझरपासून सावध राहा.

पेनिट्रंट

तत्त्व सोपं आहे. फरशीच्या भेगेत सांडलेला चहा वरून पुसला तरी भेगेत राहतो आणि वर टिश्यू ठेवला की डाग उमटतो. इथे चहाऐवजी अंधारात चमकणारा द्रव आणि टिश्यूऐवजी पांढरी पावडर, म्हणजे डेव्हलपर.

द्रव लावून सर्वसाधारण तापमानाला किमान १० मिनिटं मुरू द्या, मॅन्युअल जास्त सांगत असेल तर जास्त. मग पाण्याने आणि इमल्सिफायरने (तेलकट द्रव पाण्यात मिसळवणाऱ्या रसायनाने) वरचा द्रव काढायचा. ही पायरी हातात बसायला महिने लागतात. कमी धुतलं तर अख्खा जॉब हिरवागार चमकतो आणि खरा क्रॅक त्यात हरवतो. जास्त धुतलं तर क्रॅकमधलाही द्रव निघून जातो आणि जॉब काळाकुट्ट, निर्दोष दिसतो. माझ्या मते दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती कोणाच्याच लक्षात येत नाही. काळ्याकुट्ट जॉबवर खूश होऊ नका. कोपऱ्यात किंचित धुरकट चमक राहिली असेल तर धुणं बेताचं झालंय.

मग ओव्हनमध्ये सुकवणं, ७० अंशांच्या आत. जास्त तापलं तर द्रव क्रॅकमध्येच वाळतो. मग डेव्हलपर आणि पुन्हा किमान १० मिनिटं थांबणं. पावसाळ्यात भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये या पावडरीचे गोळे होतात. रोज सकाळी बोटाने चोळून बघा. पिठासारखी उडाली तर ठीक, दमट रव्यासारखी चिकटली तर बदला.

जॉब सुरू करायच्या आधी रोज टॅम पॅनलवरून अख्खी प्रक्रिया चालवून बघायची. ही हाताएवढी पट्टी, एका बाजूला क्रोमचा मुलामा आणि त्यात लहान-मोठे पाच तारे-तडे मुद्दाम पाडलेले. काल पाच दिसले आणि आज चार, तर आज काम बंद. का ते शोधा, मग जॉब घ्या.

अंधार

एका ठिकाणी डार्करूमच्या दारावर पाटी होती : ‘दार वाजवून थांबावे. आतला अंधार ही आमची गरज आहे, हौस नाही.’ पुणेरी असली तरी शंभर टक्के खरी. आतला पांढरा उजेड २० लक्सच्या आत हवा. अल्ट्राव्हायोलेट दिवा ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि ३८ सेंटीमीटरवर त्याची तीव्रता निदान १,००० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटीमीटर. दिवा रोज मीटर लावून मोजायचा, डोळ्याला जांभळा दिसतोय म्हणून चालू समजायचा नाही.

आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला किमान एक मिनिट द्या. मी तीन-चार देतो. मधेच मोबाइल बघितलात तर घड्याळ पुन्हा शून्यावर. पांढरा शर्ट नको. घरच्या कपडे धुवायच्या पावडरीत चमक आणणारं द्रव्य असतं, ते या दिव्याखाली ट्यूबलाइटसारखं पेटतं आणि तुमच्याच शर्टाचा उजेड जॉबवर पडतो. गडद ॲप्रन घाला.

आता पातं हातात घ्या. बुडख्यापासून सुरुवात करा, अंगापासून नको, कारण पहिल्या पाच मिनिटांतली नजर सगळ्यात ताजी असते. दोन्ही गाल, गालांच्या वरची वळणं, पुढचा कोपरा, मागचा कोपरा. पातं हळूहळू फिरवत, दिवा वेगवेगळ्या कोनातून. कापसाचा धागा निळसर-पांढरा चमकतो. पेनिट्रंट पिवळट-हिरवा. बोटाचा ठसा पसरट, फिकट. क्रॅक म्हणजे बारीक, टोकदार, ठळक हिरवी रेघ, कधी ठिपक्यांची माळ.

आणि इथेच माझी फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, एका शॉपमध्ये, तिसरी पाळी, पहाटेचे साडेतीन. टायटॅनियमच्या जॉबच्या बुडख्याजवळ चार-पाच मिलिमीटरची हिरवी रेघ दिसली. हातमोज्याचा धागा असेल म्हणून बोळ्याने पुसली. गेली. जॉब ओकेच्या ट्रेमध्ये ठेवला. बाजूला बसलेले काका, रिटायरमेंटला आलेले, त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय पुसलंस?"

"धागा होता, काका."

"धागा चिमट्याने निघतो. तू पुसलास. आण इकडे."

त्यांनी सॉल्व्हंटने जेमतेम ओलसर केलेला बोळा त्या जागेवरून एकदाच फिरवला, डेव्हलपरची हलकी फवारणी केली आणि तंबाखू मळत बसले. दिवा जॉबवर. दोन मिनिटं काही नाही. मला हायसं वाटू लागलं होतं. मग एक ठिपका आला. मग त्याच्या शेजारी दुसरा. सातव्या-आठव्या मिनिटाला ठिपके जुळून तीच रेघ, त्याच जागी, त्याच लांबीची. काका एवढंच म्हणाले, "पुसलं की जातंच. परत येतंय का ते बघायचं असतं."

याला ‘ब्लीड-बॅक’ म्हणतात. वरची घाण एकदा पुसली की संपते, क्रॅकच्या पोटातला साठा मात्र पुन्हा वर पाझरतो. कुठलीही रेघ दिसली की आधी जागा आणि लांबी लिहा, मग एकदाच, हलक्या हाताने पुसा आणि घड्याळ लावून १० मिनिटं बघत बसा. तरी शंका उरली तर जॉब धुण्यापासून परत. मनाने निकाल लावायचा नाही.

पेनिट्रंट पुरत नाही तेव्हा

साउथवेस्टच्या त्या पात्याची २०१२ मध्ये ओव्हरहॉलच्या वेळी पेनिट्रंटने तपासणी झाली होती. तपासकर्त्यांचा निष्कर्ष असा की क्रॅक बहुधा तेव्हाही होता आणि सापडला नाही. याची कारणं समजून घ्या. बुडख्यावर बारीक छर्‍यांचा मारा करून पृष्ठभाग मुद्दाम दाबलेला असतो, म्हणजे क्रॅक लवकर वाढू नये. फायद्याची गोष्ट, पण त्याच दाबाने क्रॅकचे ओठ मिटलेले राहतात. शिवाय इंजिन उभं असताना ती ७० टनांची ओढ नसते, त्यामुळे ते उघडणार तरी कशाने?

म्हणून बुडख्याला एडी करंट. पेन्सिलीसारख्या प्रोबमध्ये छोटी कॉइल असते. ती धातूत भोवऱ्यासारखा विद्युतप्रवाह निर्माण करते. वाटेत क्रॅक आला की प्रवाहाला वळसा घालावा लागतो आणि स्क्रीनवरचा ठिपका उडी मारतो. टायटॅनियम विजेचा फार वाईट वाहक, तांब्याच्या जेमतेम एक टक्का, म्हणून इथे मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सी लागतात. नवख्याचा शत्रू हात. प्रोब केसभर उचलला किंवा कलला तरी ठिपका हलतो. टोकाला टेफ्लॉनची टेप लावा, करंगळी जॉबवर टेकवा आणि रांगोळीची रेघ ओढावी तसा एका लयीत हात चालवा. सुरुवातीला, मधे आणि शेवटी मुद्दाम खाचा पाडलेल्या मास्टर पीसवर सिग्नल तपासायचा. शेवटी तो नीट आला नाही, तर मागच्या चांगल्या तपासणीपासूनची सगळी पाती पुन्हा. जेवणाची सुट्टी गेली तरी पुन्हा.

इंजिन विमानावर असताना बुडखा तपासायचा तर अल्ट्रासाउंड. टायटॅनियममध्ये आवाज सेकंदाला सुमारे ६,१०० मीटर जातो, ५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी येते १.२ मिलिमीटर, म्हणजे त्याच मापातली इजा पकडण्याची आशा धरता येते. अडचण अशी की बुडख्याचे कोपरेही प्रतिध्वनी देतात. चांगल्या पात्याचा स्क्रीन इतके वेळा बघा की तो पाठ होईल, मग नकोशी एखादी शेंडी आपोआप डोळ्यात येते. आणि जेल लावायला कंजूषी नको, हवेचा एक बुडबुडा सगळा आवाज गिळतो.

लिहिणं

१३ फेब्रुवारी २०१८ ला, साउथवेस्टच्या अपघाताच्या दोन महिने आधी, सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला निघालेल्या युनायटेडच्या ११७५ क्रमांकाच्या उड्डाणात बोइंग ७७७ च्या इंजिनाचं पोकळ टायटॅनियमचं पातं तुटलं. सगळे सुखरूप उतरले. नंतर जुन्या नोंदी काढल्या तेव्हा कळलं की २०१० आणि २०१५ अशा दोन्ही तपासण्यांत काढलेल्या उष्णतेच्या चित्रांत त्या जागी खूण दिसत होती. २०१५ मध्ये ती रंगातला दोष समजून सोडून दिली गेली. यंत्राने आपलं काम केलं होतं. मी पहाटे साडेतीनला ‘धागा’ म्हणालो, तिथे ‘रंग’ म्हणाले, फरक एवढाच. तिथे तपासनिसांना त्या पद्धतीचं रीतसर प्रशिक्षणही मिळालं नव्हतं.

म्हणून नोंदीत कारण लिहायच्या आधी जे दिसलं ते लिहा. ‘पुढच्या कोपऱ्यापासून १२ मिमी, आतल्या गालावर, ४ मिमी रेघ, पुसून १० मिनिटांत परत आली.’ एवढं पुरतं. रंग वाटतोय? मग रंग काढा आणि पुन्हा तपासा. रंग निघाला आणि खूण गेली, तर ‘रंग’ लिहायचा हक्क तुम्हाला मिळाला. स्वीकार की नकार हे लेव्हल टू (तपासनिसाच्या तीन पायऱ्यांतली मधली) ठरवतो, पद्धत लेव्हल थ्री मंजूर करतो, विमान सोडायची सही परवानाधारक इंजिनिअरची. लेव्हल वनला नकार द्यायचा अधिकार नसला तरी थांबवून विचारायचा आहे.

पुण्यात सुरुवात कुठून

मुंढव्याच्या भारत फोर्जने २०२३ मध्ये रोल्स-रॉइसच्या पर्ल ७०० आणि पर्ल १०एक्स या इंजिनांसाठी पंख्याची पाती बनवण्याचा करार जाहीर केला, त्यामुळे हे काम आता आपल्या गावचंही आहे. पण हात बसवायला पात्यापासूनच सुरुवात करायला हवी असं नाही. भोसरी, चाकण, रांजणगावच्या फोर्जिंग आणि मशीनिंग शॉपमध्ये पेनिट्रंट, यूटी (अल्ट्रासाउंड) रोज चालतं. तिथे दोन वर्षं काढा. इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगची पुण्यात शाखा आहे, त्यांच्या कोर्सची चौकशी करा. इन्स्टिट्यूटचं सर्टिफिकेट घेऊन विमानाच्या कामाला गेलात तर तिथे एनएएस ४१० किंवा ईएन ४१७९ या मानकांप्रमाणे कंपनी स्वतः परीक्षा घेऊन तुम्हाला प्रमाणित करते, आणि नोकरी बदलली की नव्या ठिकाणी पुन्हा. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

डोळ्यांची तपासणीही होते, जवळचं बारीक अक्षर दरवर्षी, आणि रंगही. चष्मा असेल तर लाजू नका, फक्त उन्हात काळा होणारा चालत नाही, कारण अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली तोही काळा होतो. लक्ष्मी रोडला साध्या काचेचा वेगळा चष्मा करून घ्या आणि तो डार्करूमच्या लॉकरमध्येच ठेवा, घरी विसरायचा प्रश्न नको.